हाड जोडून दिलंत, आजार तसाच घरी पाठवलात

अस्थिशल्यचिकित्सक सहकाऱ्यांना, आणि रुग्णालयांचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापनांना,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्यात आमचं फ्रॅक्चरनंतरचं क्लिनिक बंद झालं. आदेश तीन ओळींचा होता. या विभागातून उत्पन्न नाही, खोली दुसऱ्या कामासाठी हवी आहे, सिस्टरची बदली वॉर्डात करण्यात येत आहे. रुग्णालयाचं नाव मी लिहीत नाही, कारण भांडण एका रुग्णालयाशी नाही. असं क्लिनिक कधी सुरूच झालं नाही अशी रुग्णालयं कितीतरी जास्त आहेत, आणि हे पत्र त्यांच्यासाठीही आहे.

हाडांच्या ठिसूळपणावर, म्हणजे ऑस्टिओपोरोसिसवर, मी वीस वर्षांहून जास्त काळ काम करते आहे. हाड पोखरणाऱ्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांच्यावर औषधं घालून पाहिली, औषधांच्या चाचण्यांमध्ये रुग्ण नोंदवले, वर्षानुवर्षं त्यांचे एक्स-रे मोजले. या सगळ्या कामातून जे हाती आलं ते रुग्णापर्यंत नेणारी एकच वाट माझ्या रुग्णालयात होती, आणि ती म्हणजे ही खोली. म्हणून गप्प बसणं मला जमत नाही.

त्या खोलीत काय चालायचं ते आधी सांगते, कारण आदेशावर सही करणाऱ्यांपैकी कुणी तिथे आल्याचं मला आठवत नाही. एक टेबल, एक फोन, एक जाड रजिस्टर आणि एक सिस्टर. सिस्टर रोज सकाळी प्लास्टर रूमची आणि ऑपरेशन थिएटरची यादी चाळायची. वय पन्नाशीच्या पुढे आणि उभ्याउभ्या किंवा त्याहून कमी उंचीवरून पडून हाड मोडलेलं, असं प्रत्येक नाव ती उतरवून घ्यायची. मग फोन. प्लास्टर निघायच्या आत हाडांच्या घनतेची डेक्सा तपासणी. रक्तात कॅल्शियम, ड जीवनसत्त्व, मूत्रपिंडाचं काम, थायरॉइड, आणि शंका आली तर पॅराथायरॉइड ग्रंथी व मायलोमा (अस्थिमज्जेतला एक कर्करोग) यांच्या तपासण्या. हाड ठिसूळ होण्यामागे कधी कधी दुसराच आजार दडलेला असतो. त्यानंतर औषध ठरायचं. आणि मग सगळ्यांत महत्त्वाचं काम, चार महिन्यांनी पुन्हा फोन, वर्षाने पुन्हा फोन: औषध चालू आहे ना? का बंद केलं? कुणी बंद करायला सांगितलं?

ही कल्पना आमची नव्हे. ग्लासगोमध्ये १९९९ साली डॉ. अ‍ॅलिस्टर मॅक्लेलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशी सेवा उभी केली. तिथून ती अनेक देशांत गेली. आंतरराष्ट्रीय ऑस्टिओपोरोसिस फाउंडेशनने २०१२ साली तिच्यासाठी मोहीम सुरू केली. म्हणजे हा कुणाच्या डोक्यातून निघालेला हौशी प्रयोग नव्हता. जगभर पंचवीस वर्षं पारखलेली पद्धत आम्ही उचलली होती.

आता माझ्या आईबद्दल लिहिते. आजवर सभांमध्ये बोलताना मी हे टाळत आले.

बासष्टाव्या वर्षी घरात चालता चालता तिचा पाय अडखळला. हात टेकला आणि मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. हाड छान जुळलं, बोटं पूर्ववत चालू लागली, डॉक्टरांना आम्ही मनापासून धन्यवाद दिले. डिस्चार्जच्या कागदावर हाडाचं नाव होतं, प्लास्टरची तारीख होती, व्यायाम लिहिले होते. उभ्या उंचीवरून पडल्यावर निरोगी मनगट सहसा मोडत नाही, हे मात्र त्या कागदावर कुठेही नव्हतं. मी तेव्हा निवासी डॉक्टर होते. तो कागद मी स्वतः वाचला होता. मलाही ते सुचलं नाही, कारण शिकवताना आम्हाला मनगट कसं बसवायचं ते शिकवलं होतं, ते का मोडलं असं विचारायला शिकवलं नव्हतं.

चार-पाच वर्षांनी तिची पाठ दुखू लागली. वयाची पाठदुखी म्हणून मलम आणि शेक. कपाटाचा वरचा कप्पा आता हाताला येत नाही, असं ती एकदा म्हणाली आणि आम्ही खालच्या कप्प्यात सामान लावून दिलं. खोकल्यासाठी काढलेल्या छातीच्या एक्स-रेमध्ये पाठीचे दोन मणके पुढून दबून पाचरीसारखे झालेले दिसत होते. रिपोर्टमध्ये फुप्फुसं स्वच्छ असल्याचं लिहिलं होतं. मणक्यांबद्दल एक शब्द नव्हता. तो एक्स-रे मी नीट पाहिला तो पुष्कळ उशिरा, या विषयात शिरल्यावर, जुन्या कागदांच्या पिशवीत सापडला तेव्हा.

एकाहत्तराव्या वर्षी खुबा मोडला. दुसऱ्या दिवशी शस्त्रक्रिया झाली, त्याच्या दुसऱ्या दिवशी ती वॉकर धरून उभी राहिली. तुमच्या हातांचं हे कसब मी कधी विसरणार नाही, आणि हे पत्र त्या कसबाविरुद्ध नाही. पण ती पुन्हा एकटीने घराबाहेर पडली नाही. आठ महिन्यांनी न्यूमोनियाने गेली. मृत्यूच्या दाखल्यावर न्यूमोनिया लिहिलं गेलं.

खुबा मोडलेल्या वयस्क माणसांपैकी साधारण पाचांतलं एक तरी वर्षभरात दगावतं. काही ठिकाणी हे प्रमाण त्याहूनही जास्त आहे. जे वाचतात त्यांतले पुष्कळजण पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. आणि एक हाड असं सहज मोडलं की पुढचं मोडण्याचा धोका जवळपास दुप्पट होतो, पहिल्या दोन वर्षांत तर तो सगळ्यांत जास्त असतो. आईच्या मनगटापासून खुब्यापर्यंत नऊ वर्षं होती. नऊ वर्षांत तीनदा सूचना मिळाली. तिन्ही वेळा ती वेगवेगळ्या खोलीत, वेगवेगळ्या माणसांसमोर आली, आणि प्रत्येकाने आपापलं काम चोख करून तिला घरी पाठवलं.

उपचार नसता तर हे दुःख मी घरातच ठेवलं असतं. उपचार होता, आणि तो कसा सापडला हे मला इथे सांगावंसं वाटतं, कारण या शोधाची किती कमी कदर आपण ठेवली आहे हे त्यातून कळेल.

बॉस्टनच्या फुलर ऑलब्राइट यांनी १९४१ साली मांडलं की ठिसूळ हाडांच्या बहुतेक रुग्ण पाळी गेलेल्या स्त्रिया आहेत आणि इस्ट्रोजेन कमी होण्याशी याचा संबंध आहे. हाड हे जिवंत बांधकाम आहे. हाड पोखरणाऱ्या पेशी जुना भाग खणून काढतात, बांधणाऱ्या पेशी मागून येऊन तो खड्डा भरतात, आणि एका जागेचं हे काम पुरं व्हायला काही महिने लागतात. इस्ट्रोजेन कमी झालं की खणणं वेगात होतं आणि भरणं मागे पडतं. आतल्या जाळीचे पातळ दांडे एकेक करून तुटतात. तुटलेला दांडा पुन्हा सांधणं अवघड असतं, म्हणून वेळेला इतकं महत्त्व.

स्वित्झर्लंडमधले हर्बर्ट फ्लाइश वेगळ्याच प्रश्नामागे होते. शरीरातल्या द्रवांत कॅल्शियम इतकं असूनही ते सगळीकडे साचून दगड का होत नाही? त्यांना उत्तर मिळालं पायरोफॉस्फेटमध्ये, म्हणजे हे साचणं रोखणाऱ्या, शरीरातच असलेल्या एका संयुगात. पण ते औषध म्हणून देता येईना, शरीरातली विकरं ते फोडून टाकत. मग त्यांनी आणि ग्रॅहम रसेल आदी सहकाऱ्यांनी त्याच्यासारखेच पण न फुटणारे रेणू तपासले. हे रेणू त्याआधी कारखान्यांत, पाण्याच्या नळांत क्षार साचू नयेत म्हणून वापरले जात. १९६९ साली त्यांचे निबंध आले आणि बिस्फॉस्फोनेट ही औषधं वैद्यकात शिरली. नळातला थर रोखणारं रसायन खुब्याचं हाड वाचवतं, हे मी पहिल्यांदा वाचलं त्या रात्री मला झोप लागली नव्हती.

त्यांतलं ॲलेन्ड्रोनेट १९९५ साली अमेरिकेत ऑस्टिओपोरोसिससाठी मंजूर झालं. १९९६ साली त्याची मोठी चाचणी छापून आली. आधीच मणका मोडलेल्या २,०२७ स्त्रिया, तीन वर्षं. खुब्याचं फ्रॅक्चर औषध न घेणाऱ्यांत २.२ टक्के, घेणाऱ्यांत १.१ टक्के. २००७ साली वर्षातून एकदा सलाईनमधून द्यायच्या झोलेड्रोनिक ॲसिडची चाचणी आली, खास खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या रुग्णांसाठी. २,१२७ स्त्री-पुरुष. शस्त्रक्रियेनंतर नव्वद दिवसांच्या आत पहिला डोस. नवी फ्रॅक्चर ३५ टक्क्यांनी कमी झाली, आणि मृत्यू २८ टक्क्यांनी. सहकाऱ्यांनो, हा दुसरा आकडा पुन्हा वाचा. तुमच्या वॉर्डातून दर आठवड्याला घरी जाणाऱ्या माणसांवरच हा अभ्यास झाला होता.

एवढं हाताशी असताना जगभर फ्रॅक्चर झालेल्या बहुसंख्य रुग्णांना ना तपासणी मिळते ना औषध. माझ्या तक्रारी याबद्दल आहेत.

पहिली तक्रार तुमच्या कागदाबद्दल. डिस्चार्जच्या कागदावर 'ठिसूळपणामुळे झालेलं फ्रॅक्चर' हे निदान लिहिलं जात नाही. स्क्रूची लांबी लिहिली जाते, हे लिहिलं जात नाही. जे निदान कागदावर नाही ते पुढच्या डॉक्टरला दिसत नाही, रुग्णाला कळत नाही, घरच्यांना तर नाहीच नाही. 'पाय घसरला' हे कारण सगळ्यांना पुरतं. घसरणं हे पडण्याचं कारण आहे, मोडण्याचं नव्हे. आणि डेक्साचा टी-स्कोअर, म्हणजे तरुण निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला घनतेचा आकडा, उणे २.५ च्या खाली नाही म्हणून रुग्णाला परत पाठवणं हेही थांबलं पाहिजे. जागतिक आरोग्य संघटनेच्या गटाने १९९४ साली ती रेषा आखली, ती उपयोगी आहे, पण ठिसूळपणामुळे मोडणारी निम्म्याहून अधिक हाडं त्या रेषेच्या वरच्या माणसांची असतात. त्यांची संख्याच मोठी आहे. साध्या पडण्याने खुबा किंवा मणका मोडला, तर हाड कमजोर आहे हे सांगायला मशीनची वाट पाहावी लागत नाही.

दुसरी तक्रार एक्स-रे वाचणाऱ्या सहकाऱ्यांबद्दल. मोडलेल्या मणक्यांपैकी जवळपास दोन-तृतीयांश वेळी रुग्णाला किंवा डॉक्टरला त्याचा पत्ताच लागत नाही. छातीचा, पोटाचा एक्स-रे किंवा सीटी दुसऱ्याच कारणासाठी काढलेला असतो, मणका त्यात असतो, आणि रिपोर्टमध्ये एक तर काहीच नसतं किंवा 'वयोमानानुसार बदल', 'किंचित पाचरीसारखा आकार' असे शब्द असतात. हे शब्द वाचून कुणीही काही करत नाही. कृपा करून 'फ्रॅक्चर' हा शब्द लिहा. माझ्या आईच्या बाबतीत तो एक शब्द खुबा मोडायच्या कितीतरी आधी लिहिता आला असता.

तिसरी तक्रार कॅल्शियमच्या गोळ्यांची. फ्रॅक्चरच्या रुग्णाला कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व लिहून दिलं की हाडांकडे पाहिलं असं सगळ्यांनाच वाटतं, लिहिणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही. ज्याच्या शरीरात कमतरता आहे त्याला ती भरून द्यायलाच हवी, शिवाय खरं औषध सुरू करण्याआधीही ती पाहावीच लागते. पण २०२२ साली छापून आलेल्या अमेरिकेतल्या चाचणीत २५,८७१ माणसं होती, आणि सर्वसाधारण निरोगी प्रौढांना ड जीवनसत्त्व देऊन फ्रॅक्चर कमी झाली नाहीत. खुबा मोडलेल्या बाईच्या हातात फक्त ही गोळी ठेवणं म्हणजे तिच्या आजारावर उपचार न करणं. मी याहून सौम्य शब्द शोधले, मिळाले नाहीत.

चौथी तक्रार जरा सविस्तर लिहिते, कारण इथे रुग्णांची भीती खरी आहे आणि ती झटकून टाकणं मला मान्य नाही. बिस्फॉस्फोनेटमुळे जबड्याचं हाड उघडं पडू शकतं, अशा नोंदी २००३ पासून येऊ लागल्या. पुढे मांडीच्या हाडाचं एक वेगळ्याच प्रकारचं फ्रॅक्चर दिसलं, आडवं, जवळजवळ आघाताशिवाय होणारं. दोन्ही खरं आहे. बातम्या आल्या, औषधं बंद झाली, आणि पुष्कळ डॉक्टरांनी ती लिहिणंच सोडलं. जबड्याच्या बहुतेक घटना कर्करोगासाठी वारंवार, मोठ्या मात्रेत औषध घेणाऱ्यांमध्ये आहेत. हाडांच्या ठिसूळपणासाठीच्या मात्रेत त्या फार विरळ असतात, आणि दात काढायचे असतील तर ते काम आधी उरकून घेता येतं. मांडीच्या फ्रॅक्चरचा हिशेब २०२० साली डेनिस ब्लॅक आणि सहकाऱ्यांनी कॅलिफोर्नियातल्या जवळपास दोन लाख स्त्रियांच्या नोंदींवरून मांडला. दहा हजार स्त्रियांना तीन वर्षं औषध दिलं, तर गोऱ्या स्त्रियांमध्ये खुब्याची १४९ फ्रॅक्चर टळतात आणि मांडीची अशी २ होतात. आशियाई वंशाच्या स्त्रियांमध्ये ९१ टळतात आणि ८ होतात.

हे दुसरे आकडे मी मुद्दाम देते आहे. आशियाई स्त्रियांमध्ये हा धोका जास्त आहे, आणि तो आम्ही लपवला तर आमच्यावर विश्वास का ठेवावा? औषध किती वर्षं द्यायचं, मधे कधी थांबवायचं, मांडीत किंवा जांघेत दुखू लागलं तर दोन्ही पायांचे एक्स-रे लगेच का काढायचे, हे सगळं यातूनच ठरतं. औषध थांबवलं की हा धोका लवकर खाली येतो, आणि पाच वर्षांनंतर कुणाला विश्रांती देता येईल हेही २००६ च्या चाचणीने दाखवलं आहे. पण ९१ आणि ८ हे दोन्ही आकडे रुग्णासमोर ठेवून बोलायला वेळ लागतो. आमची सिस्टर तो वेळ द्यायची. ओपीडीच्या तीन मिनिटांत 'या औषधाने जबडा जातो म्हणे' या वाक्यावर संभाषण संपतं आणि बाई औषधाविना घरी जाते. मग तिचा खुबा मोडला तर तो कुणाच्या दुष्परिणामांच्या यादीत जात नाही.

पाचवी तक्रार डेनोसुमॅबची, आणि सध्या मला सगळ्यांत जास्त काळजी हिची आहे. दर सहा महिन्यांनी कातडीखाली द्यायचं हे इंजेक्शन चांगलं आहे. २००९ च्या ७,८६८ स्त्रियांच्या चाचणीत मणक्याची फ्रॅक्चर ६८ टक्क्यांनी घटली. पण बिस्फॉस्फोनेट हाडात मुरून राहतं, तसं हे राहत नाही. परिणाम ओसरला की दाबून ठेवलेल्या पोखरणाऱ्या पेशी एकदम उसळतात, आणि काही रुग्णांचे एकामागोमाग एक असे कित्येक मणके दबतात. म्हणून डोस चुकवायचा नाही, आणि थांबवायचंच असेल तर मागोमाग दुसरं औषध द्यायचं, हे आता या क्षेत्रातल्या सगळ्यांना माहीत आहे. रुग्णाला ते कोण सांगतं? इंजेक्शन सुरू करणारे डॉक्टर बदलतात, रुग्ण गाव बदलतो, 'बरं वाटतंय' म्हणून एक तारीख हुकते. आमच्या रजिस्टरात अशा प्रत्येक नावापुढे पुढची तारीख लाल शाईने लिहिलेली होती. क्लिनिक बंद करण्याच्या आदेशात या माणसांचं काय करायचं याबद्दल काही लिहिलेलं नाही. या तारखांना थांबायला सांगता येत नाही.

पुरुषांबद्दल थोडक्यात. पन्नाशीनंतर तीनांतल्या एका स्त्रीचं आणि पाचांतल्या एका पुरुषाचं हाड ठिसूळपणामुळे मोडतं, आणि खुबा मोडल्यावर दगावण्याचं प्रमाण पुरुषांमध्ये जास्त आहे. तरी हा 'बायकांचा आजार' समजून पुरुषांना तपासलंच जात नाही. तसंच दम्यासाठी, सांध्यांसाठी महिनोन्महिने स्टेरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्यांचं. तीन महिन्यांहून जास्त स्टेरॉइड लिहिताना हाडांचा विचार करणं हा त्या औषधाचाच भाग आहे.

आता उत्पन्नाचं बोलू. व्यवस्थापनातल्या मंडळींचं म्हणणं मी ऐकलं आहे. शस्त्रक्रियेची खोली पैसे आणते, फोन करणारी सिस्टर आणत नाही. हिशेबाच्या वहीत हे खरं दिसतं, कारण न मोडलेल्या खुब्याची पावती फाटत नाही. पण ते खुबे मोडले तेव्हा पलंग, रक्त, भूल, आठवडे, आणि घरातल्या एका माणसाचं काम सुटणं, हे सगळं कुणीतरी भरतंच. ते तुमच्या वहीत येत नाही एवढंच. रुग्णालय फक्त नफ्यातोट्यावर चालत असेल तर मग मोडलेल्या मनगटाच्या बाईला आपण तसं स्पष्ट सांगितलं पाहिजे: तुमचं मनगट आम्ही जोडू, खुब्याची जबाबदारी आमची नाही. ते सांगायची तयारी कुणाची आहे?

शल्यचिकित्सक सहकाऱ्यांनो, तुमच्यावर आणखी एक ओझं टाकायचा माझा हेतू नाही. रात्री दोन वाजता खुबा जोडणाऱ्या माणसाने सकाळी उठून कॅल्शियमचे रिपोर्ट पाहावेत, असं मी म्हणत नाही. औषधाने हाड जुळायला उशीर होतो ही तुमच्यातल्या अनेकांची शंकाही मला ठाऊक आहे. खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरच्या त्या चाचणीत औषध घेणाऱ्यांची हाडं जुळण्यात अडचण आली नाही. तुम्ही फक्त नाव कळवा. ते नाव घेऊन पुढे जाणारं माणूस रुग्णालयाने नेमायचं आहे.

माझ्या मागण्या अशा आहेत.

१. बंद केलेलं फ्रॅक्चरनंतरचं क्लिनिक पुन्हा सुरू करावं. जिथे नाही तिथे सुरू करावं. त्यासाठी पूर्णवेळ एक सिस्टर, एक फोन आणि आठवड्यातून एक दिवस या विषयाचा डॉक्टर लागतो. सिस्टरला दुसऱ्या वॉर्डाचं काम देऊ नये.

२. पन्नाशीनंतर साध्या पडण्याने हाड मोडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या डिस्चार्जच्या कागदावर तीन गोष्टी छापील असाव्यात: हे ठिसूळपणाचं फ्रॅक्चर आहे का, हाडांची तपासणी कधी ठरली आहे, आणि औषध कोण सुरू करणार आहे.

३. कोणत्याही कारणाने काढलेल्या एक्स-रे किंवा सीटीमध्ये दबलेला मणका दिसला, तर रिपोर्टच्या शेवटच्या निष्कर्षात 'मणक्याचं फ्रॅक्चर' असं लिहावं आणि रुग्णाला तपासणीसाठी पाठवावं.

४. डेनोसुमॅब सुरू असलेल्या प्रत्येक रुग्णाची तारीखवार नोंद रुग्णालयाने ठेवावी, डोसआधी फोन करावा, आणि पुढचं औषध ठरल्याशिवाय ते बंद करू नये. क्लिनिक सुरू व्हायला कितीही वेळ लागला तरी ही एक गोष्ट आजपासून व्हावी.

५. दर वर्षी दोन आकडे सगळ्यांना दिसतील असे जाहीर करावेत. पन्नाशीनंतर हाड मोडलेल्यांपैकी किती जणांची बारा आठवड्यांत तपासणी झाली, आणि वर्षाने किती जण औषधावर होते.

६. अस्थिशल्यचिकित्सेच्या आणि औषधवैद्यकाच्या निवासी डॉक्टरांना हा विषय परीक्षेपुरता न शिकवता वॉर्डात शिकवावा. मनगटाच्या प्रत्येक रुग्णाजवळ 'हे का मोडलं' हा प्रश्न विचारला जावा.

हे पत्र वाचणाऱ्या इतरांनाही एक विनंती आहे. तुमच्या घरात कुणाचं मनगट, खुबा, खांदा पन्नाशीनंतर साध्या पडण्याने मोडला असेल, कुणाची उंची तीन-चार सेंटिमीटरने कमी झाली असेल, कुणाला पोक येऊ लागलं असेल, तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना विचारा: हाडांची तपासणी केव्हा करायची? औषध चालू असेल तर विचारा: हे कधीपर्यंत, आणि थांबवल्यावर काय? ऐकणारे डॉक्टर रागावणार नाहीत. मला कुणी माझ्या आईच्या वेळी विचारलं असतं तर मी रागावले नसते.

आदेशानुसार खोलीची किल्ली मी परत केली. रजिस्टर नोंदींच्या विभागात जमा करायला सांगितलं होतं, त्याप्रमाणे केलं, पण त्याआधी नोंदविभागाच्या परवानगीने पुढच्या सहा महिन्यांच्या फोनांची यादी उतरवून घेतली. शेवटची नोंद एका चौसष्ट वर्षांच्या बाईंची आहे. डावं मनगट, साध्या पडण्याने. औषध सुरू होऊन तीन आठवडे झाले होते. त्यांना चार महिन्यांनी फोन करायचा आहे, तो मी घरून करेन. त्यांच्यानंतर प्लास्टर रूममध्ये आलेल्यांची नावं आता कुणी उतरवून घेत नाही. ती कोण उतरवणार, याचं लेखी उत्तर मला महिन्याभरात हवं आहे.

आपली,
हाडांच्या ठिसूळपणावर काम करणारी एक डॉक्टर